अहमदनगरच्या ख्रिस्ती उपदेशातील सौम्य वाणी

ख्रिस्ती नीतिविचारात वाणीच्या संयमाला मोठे महत्त्व आहे. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला घोड्याच्या लगामाची, तारवाच्या सुकाणूची आणि रान पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा दिली आहे. ज्या मुखाने ईश्वराचे स्तवन करावयाचे त्याच मुखाने माणसाला शाप देणे तेथे निषिद्ध मानले आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर आपल्या श्रद्धेचे समर्थनही सौम्यतेने करावे, असा आदेश आहे. धर्मप्रसार हेच ज्यांचे कार्य, त्यांची ह्या आदेशाने खरी कसोटी पाहिली. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकन मिशनचे कार्य नगरास १८३१ मध्ये सुरू झाले व १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. तो काळ खंडनमंडनाचा होता. मुंबईत १८३१ मध्ये मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा, तर १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांचा वाद गाजला. ह्या वादांनी मराठी गद्याला तर्काची धार दिली, हे मान्य केले पाहिजे. तथापि परक्याच्या पूज्य गोष्टींवर प्रहार करणारी वाणी श्रोत्याला निरुत्तर करी, आपलेसे करीत नसे.

नगरास ह्याच काळात दुसराही प्रवाह वाहत होता. सिंथिया फरार यांनी १८३९ पासून १८६२ मधील मृत्यूपर्यंत तेथे मुलींच्या शिक्षणाला वाहून घेतले. हेन्री बॅलेंटाइन यांनी मराठी उपासनागीते रचली. पुढे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची देशी पद्धती ख्रिस्ती कथेसाठी स्वीकारली. कीर्तनकाराला श्रोत्यांच्या परिचित चाली व दृष्टान्त घेऊनच बोलावे लागते. त्यामुळे अधिक्षेपाला तेथे आपोआपच मर्यादा पडते.

ह्या प्रवाहाला पूर्णता आली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) वाणीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नगर हे त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र झाले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून पूर्वसंस्कारांची निंदा न करता त्यांनी अभंगातून उपदेश केला. हा सौम्यपणा स्वभावसिद्ध मात्र नव्हता. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तील टिळक शीघ्रकोपी आहेत. त्यांच्या धर्मांतराने दुरावलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षांनी परत आल्या व १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. सौम्यता ही येथे साधना होती, अंगभूत गुण नव्हे.

ह्या साधनेला सामाजिक अर्थही होता. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार-मांग कुटुंबांचा मोठा भरणा होता. गावात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना केवळ हुकूम व अवहेलना ऐकावी लागली, त्यांच्याशी बंधुभावाने बोलणे हा केवळ शिष्टाचार नव्हता. तो समतेच्या तत्त्वाचा पहिला व्यवहार होता. उच्चवर्णीय धर्मांतरितांचीही परीक्षा प्रवचनापेक्षा ह्याच ठिकाणी अधिक होत असे.

ह्याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेच्या विवरणात, शब्दाच्या आधी स्नेह पुढे व्हावा, असा भाव आहे. याकोबाचा उपदेश येथील श्रोत्याला अपरिचित वाटण्याचे म्हणूनच कारण नव्हते. खंडनाने जी दारे बंद केली, ती ह्या समान भूमीवर उभे राहून बोलणाऱ्यांसाठी उघडी राहिली.