गुत्ता, भट्टी आणि कोयता

मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही 'गुत्तेदार' म्हणतात. 'गुत्ता' म्हणजे ठरावीक रक्कम भरून घेतलेला मक्ता. उर्वरित महाराष्ट्रात मात्र हा शब्द दारूच्या दुकानाला चिकटून राहिला. एका शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या मद्यनिर्मितीच्या इतिहासाकडे बोट दाखवतात. दारू कोणी व कशी गाळावी, हे येथे कारागिरापेक्षा महसुलानेच अधिक ठरवले आहे.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शिंदी आणि मोहाची दारू यांवरील आबकारी हे त्या राजवटीच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. त्या काळची भट्टी साधी असे. मोहाची वाळलेली फुले पाण्यात घालून आंबवावयाची, तो सडवा मडक्यात उकळावयाचा आणि वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावयाची. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. या फरकावर ही सारी विद्या उभी आहे. भट्टीवाल्यापाशी तापमापक नव्हता. जाळ किती असावा, धार केव्हा धरावी व केव्हा तोडावी, हे त्याला नाक, जीभ आणि नजर सांगत असत. 'पहिल्या धारेची' हा आपल्या बोलण्यातला शब्दप्रयोग या भट्टीनेच दिलेला आहे.

युरोपात या विद्येला कलाटणी दिली ती एनीअस कॉफी या आयरिश गृहस्थाने. १८३० साली त्याने अखंड चालणाऱ्या स्तंभाचे एकस्व मिळवले. आंबवलेला द्रव वरून खाली उतरतो, वाफ खालून वर चढते आणि मद्यार्क सतत वेगळा होत राहतो. भट्टी विझवून पुन्हा भरण्याचे कारणच उरले नाही. हा कॉफी आयुष्याची अनेक वर्षे आबकारी खात्यातला अधिकारी होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आपल्याकडे यंत्राच्या आधी कायदा आला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर ठाणे-कुलाब्यातील गावोगावच्या भट्ट्या मोडल्या आणि मोहाची दारू उरणच्या कारखान्यांतून येऊ लागली. १८९२ च्या कायद्याने तर त्या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. पिढीजात कसब अशा रीतीने गुन्हा ठरले. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलीसुरली भट्टीही चोरवाटेला लावली.

दरम्यान १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागून इतर कारखाने आले. साखरेबरोबर मळी निघते. एक टन मळीपासून सुमारे सव्वादोनशे लिटर मद्यार्क मिळतो. १९७३ च्या नियमांनी देशी दारूला पुन्हा परवाना मिळाला, तेव्हा ती या मळीच्या मद्यार्काचीच होती. आज स्तंभातील उष्णता व दाब यांवर संगणक लक्ष ठेवतो. त्याच मद्यार्कातील पाणी काढून तो पेट्रोलमध्येही मिसळला जातो.

यंत्राने शुद्धता आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभरावर माणसे दगावली, ती गावच्या भट्टीवाल्याचा हात चुकला म्हणून नव्हे. कारखान्यात वापरला जाणारा मिथेनॉल दारू म्हणून विकला गेला म्हणून. मेली ती गरीब माणसे.

आणि हाताचे कष्ट संपले काय? ते फक्त साखळीच्या पहिल्या टोकाला सरकले. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाची गणती हत्याराने होते. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत ही जोडी बांधलेली असते. ठरावीक रकमेवर पूर्वी दारूचा हक्क विकला जाई. येथे त्याच रीतीने माणसाचे श्रम बांधले जातात.

आता फडात ऊसतोडणी यंत्रही उतरले आहे. भट्टीवाल्याचे कसब गेले तेव्हा त्याच्या पोटापाण्याची चौकशी कोणी केली नाही. कोयत्याचे काम जाईल तेव्हा त्या जोडीच्या अंगावरची उचल कोण फेडणार, त्यांची मुले कोणत्या शाळेत बसणार, हा प्रश्न यंत्र येण्याआधीच विचारला गेला पाहिजे.