झडतीची कुळकथा

किनवट-माहूरच्या डोंगरात मोह गळायला लागला की बाया पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुलं अंगणात वाळतात. पुढे ती पाण्यात भिजवून आंबवली की झाला सडवा, आणि सडवा चुलीवर चढवून वाफ थंड केली की दारू. याला कारखाना लागत नाही, भांडवलही नाही. गोंडांच्या देवकार्यात तर ती हवीच. सरकारची अडचण इथेच सुरू होते. जी वस्तू घरात होते आणि घरातच संपते, तिच्यावर कर बसवायचा तर सरकारला चुलीपर्यंत यावंच लागतं.

इंग्रजांना ही अडचण आधी त्यांच्याच देशात आली होती. 1763 साली त्यांनी सफरचंदाच्या दारूवर कर बसवला. ती दारू शेतकरी आपापल्या वाडीत करायचे. अबकारीचे लोक आता घरात शिरणार म्हटल्यावर असा गदारोळ उठला की 1766 मध्ये तो कर मागे घ्यावा लागला. आपल्याकडच्या गदारोळाला पार्लमेंट नव्हतं. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि अंमलदाराला आत शिरण्याचा, झडतीचा, माल जप्त करण्याचा, माणूस धरण्याचा अधिकार दिला. तेवढ्याने भागेना, तेव्हा 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहाचा कायदा आला. दारू सापडायची वाट कशाला पाहा, फुलांवरच बंधन घाला, असा तो सरळ हिशेब.

किनवट तेव्हा मुंबईत नव्हतं. निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला हा तालुका, आणि पैनगंगेपलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. म्हणजे नदी ओलांडली की राज्य बदललं, जकात बदलली. हैदराबादचं जकात खातं म्हणजे करोडगिरी, दारू-ताडीचं खातं आबकारी. 1316 फसलीत, म्हणजे 1907 च्या सुमारास, निजामानेही आपला आबकारी कायदा केला. या दोन खात्यांवर लोकांचा राग किती होता, ते हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात दिसलं. 1947-48 मध्ये मराठवाड्यात सत्याग्रहींनी ताडीसारखी शिंदी देणारी, आबकारीची कमाई असलेली शिंदीची झाडं तोडली आणि करोडगिरीचे नाके जाळले. शिंदीवर कुऱ्हाड घालायची ती निजामाच्या तिजोरीवर बसावी म्हणून. त्यात दारूबंदीचा सोवळेपणा शोधण्यात फारसा अर्थ नाही.

झडतीच्या या कुळात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1926 चा मुंबई हायकोर्टाचा निकाल, नानू शेख अहमद खटल्यातला. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हा तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्यातला नियम. पण अबकारी अंमलदार पोलीस कुठे होता? त्याच्यापुढे ‘हो साहेब, माझीच भट्टी’ म्हटलं की माणूस अडकला. दरम्यान अबकारी कायद्यात दुरुस्ती करून या अंमलदारांना तपासापुरते ठाणेदाराचे अधिकार दिले गेले होते. पूर्णपीठाने नेमकं तेच धरलं: तपास पोलिसासारखा करता, मग या नियमापुरते तुम्ही पोलीसच. अंगावरचा गणवेश कोणत्या खात्याचा, हे कोर्टाने गौण मानलं. पुढे सुप्रीम कोर्टाने कस्टमच्या अंमलदारांना पोलीस मानलं नाही, बिहारच्या अबकारी निरीक्षकाला मानलं, आणि 2020 मध्ये तूफान सिंग निकालात अमली पदार्थांच्या तपास अधिकाऱ्यांनाही त्याच रांगेत बसवलं.

किनवट 1956 मध्ये नांदेड जिल्ह्यात आलं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा मराठवाड्याला लागू झाला तो 1959 च्या दुरुस्तीने, आणि निजामाचा आबकारी कायदा गेला. नव्या कायद्याचा हेतू दारू थांबवण्याचा, जुन्याचा तिच्यावर पैसा मिळवण्याचा. दाराशी येणाऱ्या माणसाचे अधिकार मात्र बरेचसे तेच राहिले. छापा पडतो, दोन पंच बोलावतात, सडव्याचा नमुना 180 मिलीच्या बाटलीत घेऊन लाखेने सील करतात, बाटलीवर पंचांच्या सह्यांचं लेबल लागतं, उरलेला सडवा जागीच ओततात. कागदावर हे चोख. पण पंच गावातलेच, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच गल्लीत राहायचं असतं. म्हणून कित्येक खटल्यांत ते कोर्टात उलटतात.

मोहफुलं वेचण्यावरची आणि नेण्यावरची बंधनं राज्य सरकारने 2021 मध्ये उठवली. आता किनवटच्या बाईला वाळलेली फुलं उघडपणे बाजारात नेता येतात. परवान्यावाचून ती भट्टीवर चढवली तर आजही गुन्हा.