इमारत उभी, रुग्णालय बंद

9 फेब्रुवारी 1971 रोजी सकाळी सहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या उत्तरेला 6.6 तीव्रतेचा भूकंप झाला. सिलमारचं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय तेव्हा नवंकोरं होतं. त्याच्या जिन्यांच्या चार मनोऱ्यांपैकी तीन इमारतीपासून सुटून आडवे झाले. अँब्युलन्स उभ्या राहायच्या तिथलं छत खाली आलं आणि गाड्या जागच्या जागी चेपल्या. जवळच माजी सैनिकांचं जुनं रुग्णालय होतं. तिथे चाळीसहून अधिक माणसं दगावली. दोन वर्षांत कॅलिफोर्नियाने कायदा केला: नवं रुग्णालय भूकंपानंतरही चालू राहील असंच बांधायचं.

रुग्णालयाची मजबुती मोजण्याच्या आजच्या पद्धतींचं मूळ शोधू गेलं की ऑलिव्ह व्ह्यूपाशी थांबावंच लागतं, कारण या रुग्णालयाने दोनदा धडा दिला. ते पुन्हा बांधलं गेलं, या वेळी भक्कम. 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात सांगाड्याला फारसं काही झालं नाही. फुटले ते पाण्याचे पाइप. आग विझवण्यासाठी छतात बसवलेल्या स्प्रिंक्लरच्या नळ्या तुटल्या, मजल्यांवर पाणी झालं आणि धडधाकट इमारतीतून रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. इंजिनिअर पास, प्लंबर नापास! त्याच वर्षी आलेल्या नव्या कायद्याने मग दोन वेगळ्या श्रेणी आणल्या. सांगाड्याला एक ते पाच, आणि नळ, यंत्रं, छत अशा बाकी सगळ्याला वेगळी एक ते पाच.

दुसरा धागा मेक्सिकोचा. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपात मेक्सिको सिटीतल्या हुआरेझ रुग्णालयाची बारा मजली इमारत कोसळली आणि पाचशेहून अधिक रुग्ण व कर्मचारी दगावले. लॅटिन अमेरिकेतल्या हजारो रुग्णालयांची इंजिनिअरांकडून सविस्तर तपासणी करायला पैसाही नव्हता आणि वेळही. म्हणून पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनने तज्ज्ञांना बसवून एक स्वस्त मार्ग काढला. 2008 मध्ये ‘हॉस्पिटल सेफ्टी इंडेक्स’ आला. त्यात 145 बाबी होत्या. तपासणाऱ्यांनी फिरून प्रत्येकीपुढे कमी, मध्यम किंवा जास्त अशी खूण करायची. प्रश्न अगदी व्यवहारी: दर खाटेमागे रोज 300 लिटरप्रमाणे तीन दिवस पुरेल इतकं पाणी टाकीत आहे का? जनरेटरला किती भार झेपतो? शेवटी शून्य ते एकमधला एक आकडा निघतो. 0.66 पासून पुढे ‘ए’, 0.35 पर्यंत ‘सी’, मधले ‘बी’. आरोग्यमंत्र्याला अशी गुणपत्रिका एका नजरेत कळते, आणि याद्या करून पैसा कुठे आधी घालायचा हे ठरवता येतं. हे छोटं काम नव्हे.

पण या बेरजेत एक गोम आहे. सांगाड्याला 50 टक्के वजन, नळ-वीज-यंत्रांना 30, कामकाजाच्या तयारीला 20. पहिल्या आणि तिसऱ्या विषयात पैकीच्या पैकी मिळाले आणि दुसऱ्यात शून्य धरलं, तरी बेरीज 0.70, म्हणजे ‘ए’. कॅलिफोर्नियाने मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी इथे एकाच आकड्यात विरघळतात. 2015 च्या सुधारित आवृत्तीत तिन्ही भागांना समान वजन देण्याची मुभा आली. सांगाडा शाबूत असूनही काय होऊ शकतं, ते भंडाऱ्यात दिसलं: जानेवारी 2021 मध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली. तिथे इमारत जागेवरच होती.

यात अजून एक गोष्ट राहते, ती म्हणजे पुन्हा उभं राहायला लागणारा वेळ. 2003 मध्ये मिशेल ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी तो आलेखावर मांडला: सेवा कितीने घसरली आणि पूर्ववत व्हायला किती काळ गेला, यांतून बनणारा त्रिकोण. तो जितका लहान तितकी व्यवस्था चिवट. पुढे काही संशोधकांनी रुग्णालयासाठी ‘सेवा’ म्हणजे रुग्णाला ताटकळावं लागणारा वेळ असं धरलं, आणि मला ते सर्वांत प्रामाणिक माप वाटतं.

भूजला हा त्रिकोण लावून पाहा. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात तिथलं सिव्हिल हॉस्पिटल कोसळलं आणि जखमींवर उघड्या मैदानात उपचार झाले. शिसं-रबराच्या बेअरिंगांवर उभारलेलं नवं रुग्णालय सुरू झालं 2004 मध्ये. त्रिकोणाचा पाया तीन वर्षांचा.