ताराराणींच्या काळातलं व्हायोलिन

श्रोतेहो, व्हायोलिन म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं. वादक मांडी घालून बसला आहे, वाद्याचं निमुळतं टोक पावलावर टेकलं आहे, मागे तंबोरा झंकारतो आहे आणि गज सावकाश फिरतो आहे. कोल्हापूरसारख्या गावात, देवल क्लबच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला हे वाद्य परकं वाटतच नाही. पण ते कुठून आलं आणि त्याच्या घरी ते काय वाजवत होतं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

त्यासाठी थोडं मागं जाऊ. महाराणी ताराबाईंचा जन्म १६७५ चा. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६७८ मध्ये, इटलीतल्या व्हेनिस शहरात अंतोनियो विवाल्डी जन्मला. १७१० मध्ये ताराराणींनी पन्हाळ्यावर करवीरची वेगळी गादी उभी केली. पुढच्याच वर्षी विवाल्डीचे बारा कॉन्चेर्तो अॅमस्टरडॅमला छापून प्रसिद्ध झाले. साधारण १६०० ते १७५० हा काळ युरोपच्या संगीतात ‘बरोक’ म्हणून ओळखला जातो. हा शब्द ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला असं मानतात.

व्हायोलिन त्याआधीच, सोळाव्या शतकात इटलीत घडलं. क्रेमोना गावच्या आंद्रेआ आमाती या कारागिरानं त्याला रूप दिलं. त्याच गावच्या स्त्रादिवारीनं (१६४४ ते १७३७) ते कळसाला नेलं. पण सुरुवातीला या वाद्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. लग्नात, नाचात, खानावळीत वाजवायचं ते वाद्य. त्याला मान मिळाला तो बरोक काळात, आणि तो मिळवून देणाऱ्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या होत्या.

क्रेमोनाच्याच मॉन्तेवेर्दीनं १६२४ मध्ये एका द्वंद्वयुद्धाच्या प्रसंगासाठी एकच स्वर भराभर घासून वाजवायला लावला आणि तलवारींची चकमक उभी केली. कोरेल्लीनं व्हायोलिनला गायला शिकवलं. विवाल्डीनं ऋतू रंगवले. १७२५ मध्ये छापलेल्या त्याच्या संग्रहातल्या पहिल्या चार रचनांत पाखरं, वादळ, बर्फावरची घसरगुंडी, इतकंच काय, धनगराचं भुंकणारं कुत्रंही ऐकू येतं. फ्रान्सच्या दरबारात ‘राजाची चोवीस व्हायोलिनं’ असा ताफाच होता. तिथं नाचाचा ठेका आणि शिस्त महत्त्वाची. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या बिबरनं तर तारांची जुळणीच बदलली. जपमाळेवरच्या त्याच्या पंधरा सोनाटांपैकी पहिली सोडली तर प्रत्येकीसाठी तारा निराळ्या स्वरांत लावाव्या लागतात. आपले वादकही युरोपीय जुळणी बाजूला ठेवून षड्ज-पंचमात तारा लावतात, तेव्हा नकळत हीच मोकळीक घेत असतात.

आणि मग बाख. १७२० मध्ये त्यानं एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचनांची वही लिहून काढली. साथीला कोणी नाही. त्यातला ‘शाकोन’ सुमारे पंधरा मिनिटांचा. चार मात्रागटांचा एक छोटा पाया पुन्हा पुन्हा येतो आणि त्यावर नवनवी इमारत चढत जाते. आवर्तनात रमणाऱ्या आपल्या कानाला तो समजायला वेळ लागत नाही.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोरेल्लीच्या संथ रचना कागदावर पाहिल्या तर स्वर अगदी मोजके दिसतात. उरलेलं वादकानं भरायचं, अशी अपेक्षाच असे. साथ करणाऱ्याच्या पुढेही फक्त खर्जाची ओळ आणि काही आकडे असत. बाकीचं त्यानं तिथल्या तिथं रचायचं. म्हणजे बंदिश लिहिलेली आणि बढत वादकाची. तेव्हाच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या तातीच्या. हनुवटीची पट्टी नव्हती, वाद्य कोणी खांद्यावर धरी, कोणी छातीशी.

आपल्या भागात हे वाद्य आलं ते गोव्याच्या वाटेनं. पोर्तुगीजांच्या काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून गावोगावची मुलं स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच मातीतले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. दुसरी वाट दक्षिणेची. बालुस्वामी दीक्षितर (१७८६ ते १८५८) मद्रासेत युरोपीय शिक्षकाकडे व्हायोलिन शिकले आणि त्यांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. तंजावरच्या आपल्या भोसले दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, पाश्चात्त्य वाद्यांना आणि स्वरलिपीला मानाची जागा होती.

महाराष्ट्रात गजाननबुवा जोशींनी या वाद्यातून ख्याल गायला लावला. बुवा स्वतः गवई. कोल्हापूरच्या भूर्जीखाँसाहेबांकडून त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांची गायकी घेतली होती. पंडित दा. के. दातार यांनी द. वि. पलुस्करांना साथ केली आणि गळ्यातली मींड गजावर आणली. व्ही. जी. जोगांनी गतकारीचा रस्ता धरला. ही तऱ्हांची विविधता पाहिली की बरोक काळाची आठवण येते.

श्रोतेहो, पुढे युरोपात एकेक स्वर कागदावर पक्का होत गेला, मानेची लांबी आणि कोन बदलले, आणि वादकाची उत्स्फूर्त भर घालण्याची सवय सुटत गेली. विसाव्या शतकात तिथले जाणते वादक पुन्हा तातीच्या तारा लावून, जुने ग्रंथ उघडून ती कला शिकू लागले. जे त्यांना पुस्तकांतून शोधावं लागलं, ते आपल्याकडे गुरूसमोर बसून मिळत आलं आहे. पण आपल्या मैफलींतही साथीची जागा बहुतेक हार्मोनियमनं घेतली आहे. मींड दाखवणारा गज साथीला कमीच दिसतो. एकदा सुटलेली सवय परत मिळवायला त्यांना काय कष्ट पडले, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं.

एखाद्या संध्याकाळी बाखचा शाकोन ऐका आणि मग लगेच दातारांचा एखादा राग. ताराराणींच्या काळातलं ते वाद्य दोन्हीकडे तेच आहे, हे कानच तुम्हाला सांगतील. आणि तुमच्या गावातला एखादा मुलगा किंवा मुलगी व्हायोलिन शिकत असेल, तर पुढच्या बैठकीत त्यांना गायकाशेजारी बसवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)