शंभूचे दहा हात आणि पंधरावी ओळ

नात्यात उभं राहून बोलायचं आणि चिंतामणराव देशमुखांचं नाव घ्यायचं नाही, हे काही बरं दिसणार नाही. १४ जानेवारी १८९६ रोजी ते या गावात जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, हे तुम्हाला पाठ आहे. मला आज त्यांच्याबद्दलच्या दोन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. १९१२ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. आणि पुढे बरीच वर्षं ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. संस्कृत आणि आकडे. आपल्याकडे ही दोन वेगळी कपाटं आहेत, आणि एकाची किल्ली असलेल्याकडे दुसऱ्याची नसते. मी आज ज्या काळाबद्दल बोलणार आहे, त्या काळात हे एकच कपाट होतं.

विषय आहे फॅक्टोरियल. समोर अकरावी-बारावीची मुलं दिसतायत, त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच पडदा पडला. आकडा आणि त्याच्या पुढे उद्गारचिन्ह. ते चिन्ह ख्रिस्तियान क्रांप या गणितज्ञाने १८०८ साली वापरलं, छापायला सोपं म्हणून. अर्थ साधा आहे. पाच फॅक्टोरियल म्हणजे एक ते पाच आकड्यांचा गुणाकार, १२०. पाच माणसं एका बाकावर किती तऱ्हांनी बसतील, त्याचं हे उत्तर. गोष्टी त्याच, फक्त क्रम वेगळा, याला पर्म्युटेशन म्हणायचं.

मी हे बरीच वर्षं शिकवलं आहे, आणि एक गोष्ट मला सतत खटकत आली. मुलगा सूत्र बरोबर लिहितो, गुण मिळवतो. त्यालाच म्हटलं, बाबा, चार अक्षरांच्या चोवीस रचना लिहून दाखव, तर तो एकवीस लिहितो, त्यांत दोन पुन्हा आलेल्या असतात, आणि कुठे चुकलं ते त्याला कळत नाही. चोवीस हे उत्तर त्याला माहीत असतं, पण ती चोवीस त्याने कधी पाहिलेलीच नसतात. असं का झालं, याचा इतिहास शोधताना मी चाळीसगावला पोचलो.

चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्याच एका कुशीत, पाटण किंवा पाटणे म्हणून जागा आहे. पाटणादेवी म्हटलं की लवकर कळेल. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. लेखातला शक ११२८, इसवी सन १२०७. लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. लक्षात घ्या, हा देवाधर्माचा मठ नव्हे. ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेला मठ. आणि लेखाचा बराच भाग संस्कृतात असला तरी शेवटच्या ओळी मराठी आहेत. का? कारण तिथे पैशाचा मामला आहे. बाजारात येणाऱ्या मालावर मठाला काय मिळायचं, गिऱ्हाइकाकडून पोफळं किती, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल, हे सगळं बाजारातल्या माणसाला कळलं पाहिजे. सर्वांत जुन्या मराठी लेखांत याची गणना होते. म्हणजे मराठी लिहायला लागली त्या सुरुवातीच्या काळातच, गणिताच्या शाळेची वर्गणी ठरवायला ती वापरलेली आहे. मला याचा फार आनंद होतो.

या मठात शिकवायचं काय? भास्कराचार्यांची ‘लीलावती’, इसवी सन ११५० ची. तिच्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. आकड्यांचा फास. नियम असा, की जितक्या जागा असतील तितके एक, दोन, तीन असे आकडे घ्या आणि गुणा, म्हणजे रचनांची संख्या येते. हेच आपलं फॅक्टोरियल, नाव आणि चिन्ह सोडून. लगेच पुढचं पाऊल म्हणजे त्या सगळ्या रचनांची बेरीज, तीही न मांडता. तीन, नऊ आणि आठ या आकड्यांच्या सहा संख्या होतात. आकड्यांची बेरीज वीस. प्रत्येक स्थानी प्रत्येक आकडा दोनदा येणार, म्हणजे प्रत्येक स्थानी चाळीस. एकं, दहं, शतं मांडून बेरीज ४४४०. दोनपासून नऊपर्यंतचे आठ आकडे घ्या, असंही ते म्हणतात. संख्या ४०,३२० होतात, आणि त्यांची बेरीज २४ खर्व ६३ अब्ज ९९ कोटी ९९ लाख ७५ हजार ३६०. कागदाविना, धुळीच्या पाटीवर करायचं हे.

मग ते देवांकडे वळतात. शंकराला दहा हात. पाश, अंकुश, साप, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. ही दहा आयुधं हातांत अदलाबदल करून धरली तर शंकराच्या मूर्ती किती? आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख, तर विष्णूच्या मूर्ती किती? विष्णूचं उत्तर चोवीस. आता घरात कुणी संध्या करत असेल तर आठवा, केशव, नारायण, माधव अशी नावं किती घेतात? चोवीस. मूर्तिशास्त्रात या चोवीस मूर्ती शंख-चक्र-गदा-पद्माच्या क्रमावरूनच ओळखतात. म्हणजे ज्या पोराला मुंज झाल्यापासून रोज चोवीस नावं म्हणायला लावली आहेत, त्याला गुरुजी विचारतात, चोवीसच का रे? पंचवीस का नाहीत? हा मला अंकपाशातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. उत्तर त्या पोराच्या तोंडात आधीपासून आहे, फक्त ते उत्तर आहे हे त्याला माहीत नाही. शंकराचं उत्तर ३६,२८,८००. मिनिटाला एक मूर्ती रेखाटत रात्रंदिवस बसलात तर २५२० दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ सात वर्षं. तिथे कुणी नावं ठेवायच्या फंदात पडलं नाही.

प्रकरणाच्या शेवटी भास्कराचार्य जरा चिमटा काढतात. यात गुणक, भाजक, वर्ग, घन असलं काही विचारलेलं नाही, तरी गर्विष्ठ गणकपोरं या फासात पडणारच, अशा अर्थाचं ते लिहितात. अनुभवी मास्तराचं वाक्य आहे.

पण ‘लीलावती’ नियम देते, रचना एकामागून एक कशा लिहायच्या ते सांगत नाही. आधीच्या एका प्रकरणात, निवडीच्या हिशोबाशी, खंडमेरू हा शब्द येतो. छंदात, शिल्पात, वैद्यकातल्या सहा रसांच्या मिश्रणात याचा उपयोग आहे, पण विस्तार होईल म्हणून सांगत नाही, असं म्हणून ते पुढे जातात. नियमामागचं कारण हवं असेल तर टीकाकाराकडे जायचं. आणि त्या टीकाकारांतला एक मोठा आपल्याच जिल्ह्यातला. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ‘ग्रहलाघव’ लिहिणारे. त्यांची ‘बुद्धिविलासिनी’ ही ‘लीलावती’वरची टीका १५४५ ची, आणि ती उपपत्ती देते, म्हणजे हे असं का, ते सांगते.

आता पाटणहून देवगिरीला या. अंतर फार नाही, राजाही तोच, सिंघण. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा गृहस्थ होता. घराणं मूळचं काश्मीरचं. त्याच्याही आजोबांचं नाव भास्कर, पण ते वेगळे भास्कर, गोंधळ करू नका. शार्ङ्गदेवाचा हुद्दा श्रीकरणाधिप, म्हणजे जमाखर्चाचा मुख्य. पुढे हेमाडपंत याच हुद्द्यावर होता. या हिशोबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, जो आजही संगीतशास्त्राचा आधारग्रंथ मानतात. त्यात पहिल्याच अध्यायात तो विचारतो, सात स्वर उलटसुलट क्रमाने लावले तर ताना किती? ५०४०. छप्पन मूर्च्छनांनी गुणलं तर २,८२,२४०. चांगदेव आणि शार्ङ्गदेव एकमेकांना भेटले असं मी म्हणत नाही. एकाच राजाच्या पदरी, एकाच पिढी-दोन पिढीत, एकाच गणिताची दोन टोकं दोघांनी धरली होती, एवढं म्हणतो.

शार्ङ्गदेवाचं टोक कुठलं? तो नुसतं ५०४० सांगून थांबत नाही. गवयाला आकडा नको असतो, तान हवी असते. म्हणून तो प्रस्तार शिकवतो, म्हणजे मांडणी. फळ्यावर बघा, तीन स्वर घेतो.

स रि ग
रि स ग
स ग रि
ग स रि
रि ग स
ग रि स

पुढची ओळ कशी मिळवायची? वरच्या ओळीवर डावीकडून नजर फिरवा. पहिला असा स्वर शोधा, की ज्याच्याखाली त्याच्या आधीचा, जवळात जवळचा स्वर लिहिता येईल, आणि तो उजवीकडे आधीच बसलेला नसेल. तो लिहा. उजवीकडचं वरून जसंच्या तसं उतरवा. डावीकडे उरलेले स्वर सरळ क्रमाने भरा. बस. एकही ओळ सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. आता फक्त शेवटचा स्वर बघा. दोन ओळी ग, दोन ओळी रि, दोन ओळी स. चार स्वर घेतलेत तर शेवटचा म सहा ओळी हलत नाही, मग सहा ओळी ग, सहा रि, सहा स. चार गुणिले सहा. सहा कुठून आले? तीन गुणिले दोन. फॅक्टोरियल इथे डोळ्यांसमोर जन्माला येतं, पाठ करावं लागत नाही.

आणि मग तो दोन प्रश्न विचारतो. उद्दिष्ट म्हणजे ही तान दिली, तर ती कितव्या ओळीत आहे? नष्ट म्हणजे पंधरावी ओळ पुसली गेली, तर ती कुठली होती? चोवीसमधली पंधरावी काढून बघू. तिच्याआधी चौदा ओळी झाल्या. चौदात सहा दोनदा जातात, म्हणजे शेवटी म असलेला गट संपला, ग असलेला संपला, शेवटी रि आला. उरले दोन. आता स, ग, म यांत शेवटचा स्वर दोन-दोन ओळींनी बदलतो. म चा गट संपला, म्हणून ग. शिल्लक शून्य, म्हणून स, म सरळ क्रमाने. ओळ झाली स म ग रि. यासाठी शार्ङ्गदेवाने एक कोष्टक दिलं आहे, खंडमेरू. त्यात रकान्यांमधून १, मग २, ४, मग ६, १२, १८, मग २४ च्या पटी, असं ७२० च्या पटींपर्यंत. त्यावर खडे ठेवून सरकवायचे. चौदा म्हणजे दोन सहा, एक दोन, असं फॅक्टोरियलच्या नाण्यांत संख्या मोडणं. लेझाँ या फ्रेंच गणितज्ञाने या मोजणीवर १८८८ साली लिहिलं, आणि आज कॉम्प्युटरमध्ये रचनांना क्रमांक द्यायला हीच युक्ती वापरतात. गणिताच्या ग्रंथात हा प्रस्तार सविस्तर आला तो नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’त, १३५६ साली.

गंमत म्हणजे इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांना हाच नाद लागला. सात घंटांचे ५०४० क्रम, एकही पुन्हा न येता. त्याला तीनेक तास लागतात. फेबियन स्टेडमनचं त्यावरचं पुस्तक १६७७ चं. तिकडेही वाजवायचं होतं म्हणून मांडणी शिकावी लागली.

आपल्याकडे पुढे काय झालं? नियम पोथीतून पाठ्यपुस्तकात गेला. प्रस्तार गळ्यात राहिला. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात मेरुखंड म्हणून त्याचा रियाज होता, अमीर खाँसाहेबांच्या गाण्यातला मेरुखंड तर प्रसिद्धच आहे. शब्द उलटला, खंडमेरूचा मेरुखंड झाला, पण स रि ग म, रि स ग म, स ग रि म हा क्रम तोच राहिला. आज गाण्याच्या क्लासला जाणारी मुलगी हे पलटे घोकते, आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला फॅक्टोरियल समजत नाही म्हणून रडते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की काल संध्याकाळी तू तेच म्हणत होतीस. माझं मत विचाराल तर सूत्र आधी शिकवणं हीच चूक आहे. आधी चोवीस ओळी हाताने लिहून घ्याव्यात, मग एक पुसून विचारावी. वेळ जातो, अभ्यासक्रम संपत नाही, हे माझे सहकारी मला सांगतात, आणि ते खोटं नाही. तरी मी गेली काही वर्षं असंच करतो. पहिला आठवडा वर्ग कंटाळतो. दुसऱ्या आठवड्यात मुलं एकमेकांना ओळी पुसून विचारायला लागतात.

म्हणून जाताना एक पुसलेली ओळ देतो. सातही स्वर, स रि ग म प ध नि. एकूण ५०४०, त्यांतली हजारावी तान कुठली? आधी ९९९ झाल्या, इथून सुरुवात करा. ७२० एकदा जातात, म्हणजे नि चा गट संपला आणि शेवटी ध बसला. मग १२०, मग २४, तसंच खाली या. तुमचं उत्तर नि स ग रि पासून सुरू झालं, तर बरोबर. पुढचे तीन स्वर मी सांगत नाही.