दहा वर्षांचा करार, अकरा दिवसांचं बडोदं

आमच्या पारगावातला एक पोरगा वकिली शिकायला निघालाय. परवा आला न् म्हणाला, "काका, एक संस्था फी भरायला तयार आहे. पण पास झाल्यावर पाच वर्षं त्यांच्याकडं काम करायचं, असा बाँड आहे. सही करू का?"

आपल्या बापजाद्यांनी सही न करताच चाकरी केली. महारकीच्या वतनाला मुदत नव्हती. जमिनीचा तुकडा नि बलुतं, त्याबदली पिढ्यान्‌पिढ्या सरकारची आणि गावाची कामं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल मांडलं. वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

त्याच बाबासाहेबांनी ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी करार केला. वय बावीस. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, शिक्षण संपलं की दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. पुढं मुदत वाढली, १९१६ ला ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. १९१७ ला शिष्यवृत्ती संपली. शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं, कारण सही केलेली.

सयाजीराव वाईट राजा नव्हता, हे कबूल करायलाच पाहिजे. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं शिक्षण लागू करणारा माणूस. पण बडोद्यात खोली राजा देत नव्हता, घरमालक देत होता. कोलंबियात शिकून आलेला हा माणूस पारशाच्या धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाडं देऊन, पारशी नाव लावून राहिला. कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकायचे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे! एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घ्यायचं टाळलं. मग बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई.

करारात बाबासाहेबांची दहा वर्षं मोजून लिहिली होती. जिथं चाकरी करायची तिथं डोक्यावर छप्पर मिळेल, याची हमी कुणी घेतली नव्हती. करार मोडला तो कुणी, हे तुम्हीच ठरवा.

वकिली मात्र त्यांनी बाँडाशिवाय पुरी केली. १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. तिथंही पाण्याच्या माठावरनं कुरकुर झालीच. पगारातनं पै-पै वाचवली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार कर्ज काढलं. (हा मित्रही पारशीच. जात बघून माणूस मोजायचा नाही, तो असा.) १९२० ला पुन्हा लंडन, १९२२ ला बॅरिस्टर.

पुढं ते व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाच, १९४४ ला, अस्पृश्य पोरांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तीत चाकरीची अट नाही. पोराला म्हटलं, आधी तो फॉर्म भर. पैसे उशिरा येतात, हेलपाटे पडतात, पण तो हक्क आहे.

तरी कमी पडले तर बाँडाचा कागद घेऊन ये, दोघं बसून वाचू. राहायची सोय कुणी करायची, आणि मधेच सोडावं लागलं तर किती भरायचं, ही दोन कलमं आधी शोधून ठेवायला सांगितलंय. रविवारी येतो म्हणालाय.