पुणे केंद्राची श्रोतामंडळे

पॉडकास्टचा भाग किती ठिकाणी डाउनलोड झाला, हे निर्मात्याला आज घरबसल्या दिसते. ऐकणाऱ्याला त्यातले काय पटले, कुठे अडले, पुढे त्याने काय केले, हे मात्र त्या आकड्यात नसते. नभोवाणीपुढे हाच पेच सत्तर वर्षांपूर्वी होता. तो सोडवण्याचा एक अतिशय गंभीर प्रयत्न मराठीत, पुण्यात झाला आणि आपण तो जवळजवळ विसरलो आहोत, याची खंत वाटते.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने हा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावे त्यासाठी निवडली. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओमंडळे चालत होती. नमुना तिथला होता. गावातले पंधरा-वीस जण आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सार्वजनिक रेडिओसंचाभोवती जमत, शेती, आरोग्य, सहकार अशा विषयांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि तो संपल्यावर त्यावर बोलत बसत. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाचा निमंत्रक चर्चा टिपून घेई, शंका पुण्याला कळवी आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात मिळत. साऱ्या योजनेचा प्राण या परतीच्या वाटेत होता, असे माझे मत आहे. आपण विचारलेले केंद्रापर्यंत पोचते, हे ज्याला एकदा कळले तो पुढचा कार्यक्रम वेगळ्या कानांनी ऐकतो.

यावर आक्षेप येईल की तेव्हा रेडिओचीच नवलाई होती. काहीही लावले असते तरी लोक जमले असते. अभ्यासकांनी ही शंका आधीच ओळखली होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी मंडळे असलेल्या गावांबरोबरच रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली गावेही तपासली. प्रसारणाआधी आणि नंतर तिथल्या लोकांना त्या विषयांवरचे प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. नवलाई दोन्हीकडे होती, फरक चर्चेने पडला. मंडळांना संघटकांचा आधार होता आणि निरीक्षकांचे लक्षही, हे मान्य करायला हवे. १९५९ नंतर योजना देशभर नेली, मंडळांची संख्या हजारोंवर गेली, पण मूळ प्रयोगातली जवळीक त्या पसाऱ्यात टिकली नाही. माझ्या मते यातूनही तेच दिसते: संबंध राखायला माणसे लागतात, नुसते प्रसारण वाढवून ते काम होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पॉडकास्ट ऐकणारा एकटा असतो, कानात हेडफोन घालून, बहुधा प्रवासात. त्याचे मंडळ कसे करायचे? इथे रेडिओ सिलोनकडे पाहावे. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवर सिनेसंगीताला आडकाठी झाली आणि १९५२ च्या डिसेंबरात कोलंबोहून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. श्रोते देशभर विखुरलेले, एकमेकांना अनोळखी. तरीही निवेदक अमीन सयानींकडे पत्रांचा ओघ लागला, गावोगावी श्रोतेसंघ निघाले, अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे झुमरी तलैया फर्माइशींमुळे घरोघरी ठाऊक झाले. सयानींचा आर्जवी आवाज त्याला कारण होताच. पण गाण्यांचा क्रम लावताना तबकड्यांच्या विक्रीबरोबर श्रोतेसंघांची मतेही धरली जात. पत्र लिहिल्याने कार्यक्रमात काही बदलत होते, म्हणून लोक लिहीत राहिले.

मराठी पॉडकास्टवाल्यांना निमंत्रक नेमता येतील, वाचनालयात किंवा महाविद्यालयात एखादा भाग एकत्र ऐकवता येईल, प्रत्येक भागातली काही मिनिटे मागच्या भागावरच्या शंकांसाठी राखता येतील. त्याला पैसा थोडा लागतो, चिकाटी मात्र पुष्कळ. जगदीशचंद्र माथूर आणि न्यूरथ यांनी लिहिलेला पुण्याच्या प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला आहे. नवा पॉडकास्ट आखणाऱ्या प्रत्येकाने तो मिळवून वाचावा.